आहाराचे नियम टिकावेत यासाठी घरात कोणत्या सवयी लावाव्यात?

सदाफुली (ठाणे)

नमस्कार. माझे वय ४३ आहे. ठाण्याहून वांद्रे-कुर्ला संकुलातील कार्यालयात रोजचे जाणे-येणे असते. सकाळी साडेसातला घर सोडते आणि परत येईपर्यंत रात्रीचे आठ वाजलेले असतात. अलीकडच्या तपासणीत माझे एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतील रक्तातल्या साखरेची सरासरी दाखवणारे प्रमाण, ६ टक्के आले. हा मधुमेह नव्हे, पण ५.७ ते ६.४ टक्के हा त्याच्या आधीचा टप्पा मानला जातो, असे डॉक्टरांनी समजावले आणि तूर्त औषध न देता वजन व कंबरेचा घेर कमी करायला सांगितले.

काय खावे आणि काय टाळावे हे मला बऱ्यापैकी ठाऊक आहे. तक्ते, याद्या आणि मोबाइलवरची उष्मांक मोजणारी अ‍ॅप्स यांची काही उणीव नाही. अडचण आहे ती टिकण्याची. दुपारच्या जेवणापर्यंत सगळे ठरल्याप्रमाणे चालते. संध्याकाळी साडेपाचच्या चहाच्या वेळी कार्यालयात कुणीतरी सामोसे किंवा बाकरवडी आणलेली असते, घरी पोहोचल्यावर ताट वाढले जाईपर्यंत चिवड्याच्या डब्यात हात जातो, आणि त्यानंतर नऊ-साडेनऊला पूर्ण जेवणही होते. घरात सासूबाई, यजमान आणि दहावीतला मुलगा आहे. सकाळचा स्वयंपाक मी करते, संध्याकाळचा सासूबाई करतात. माझ्यापुरते वेगळे शिजवणे शक्य नाही आणि तशी माझी इच्छाही नाही.

त्यामुळे माझा प्रश्न पथ्याच्या यादीविषयी नसून क्रमाविषयी आहे. कोणत्या सवयी आधी लावाव्यात, त्या अंगवळणी पडायला साधारण किती काळ लागतो, आणि चौघांच्या स्वयंपाकात त्या कशा बसवाव्यात? अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

खलबत्ता (नागपूर)

सदाफुलीताई, मी नागपुरात आहारसल्लागार म्हणून काम करते. आपल्या वर्णनावरून बिघाड संध्याकाळी साडेपाच ते रात्री नऊ एवढ्याच वेळेत दिसतो, पण त्याचे मूळ बहुधा सकाळच्या न्याहारीत आणि दुपारच्या डब्यात असावे. माझ्याकडे येणाऱ्या नोकरदार स्त्रियांना मी पहिल्या भेटीत वजनकाट्यावर उभे करण्याआधी डब्याविषयी विचारते. उत्तर बरेचदा एकाच साच्याचे असते: सकाळी चहा आणि थोडे पोहे, दुपारी तीन पोळ्या, बटाट्याची किंवा भेंडीची कोरडी भाजी आणि कोपऱ्यात लोणचे. या जेवणाने पोट भरते, परंतु त्यात प्रथिने आणि तंतू इतके थोडे असतात की चार-पाच तासांनी भूक कडाडून लागते. आणि अशा भुकेच्या वेळी समोर आलेल्या सामोशाला नकार देणे हा मनोनिग्रहाचा प्रश्न उरतच नाही.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये भारतीयांसाठी सुधारित आहार मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. तिच्यात २००० उष्मांकांच्या दिवसभराच्या आहाराचे नमुना ताट दिले आहे. कच्च्या वजनात पाहिले, तर धान्ये २५० ग्रॅम, डाळी-कडधान्ये किंवा त्याऐवजी अंडी-मांस-मासळी ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम, दूध किंवा दही ३०० मिलिलिटर, दाणे व तेलबिया ३५ ग्रॅम आणि तेल-तूप २७ ग्रॅम, असा तो हिशेब आहे. वजन कमी करायचे असल्यास आपली एकूण गरज २००० उष्मांकांपेक्षा कमी असू शकेल, पण प्रमाण पाहण्यासाठी हे ताट उपयोगी पडते. माझ्या पाहण्यातल्या बहुतेक घरांत धान्याचा आकडा सहज ओलांडला जातो, तर डाळींचा आणि भाज्यांचा आकडा गाठलाच जात नाही. प्रौढ व्यक्तीला दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे ६० किलोच्या स्त्रीला सुमारे ५० ग्रॅम. तीस ग्रॅम कोरड्या मटकीतून साधारण ७ ग्रॅम आणि एका अंड्यातून ६ ग्रॅम मिळतात, यावरून आपल्या डब्याचा अंदाज आपणच घ्यावा.

म्हणून पहिली सवय एवढीच ठेवावी की डब्यात रोज एक वाटी घट्ट उसळ असेल आणि एक पोळी कमी असेल. शनिवारी रात्री मटकी, मूग किंवा चवळी भिजत घातली, रविवारी उपसून बांधून ठेवली आणि मोड आल्यावर फ्रिजमध्ये घातली, की निम्मा आठवडा निघतो. बुधवारसाठी दुसरी खेप लावावी. सकाळी सहाच्या घाईत नव्याने काही ठरवावे लागत नाही, आणि सवय टिकण्याच्या दृष्टीने हेच महत्त्वाचे आहे.

दुसरी सवय पहिली स्थिरावल्यावरच लावावी. साडेपाचची वाट न पाहता पावणेपाचच्या सुमारास, भूक शिगेला पोहोचण्याआधी, टेबलाच्या खणातले मूठभर फुटाणे आणि एक पेरू किंवा संत्रे खावे. सामोसे येतील तेव्हा ते खायचे की नाही हा निर्णय आपण अर्धवट भरल्या पोटी घ्याल, आणि कधी सामोसा घेतलाच तर एकावर थांबाल.

किती काळ लागतो, याविषयी २१ दिवसांचा आकडा फार फिरतो. त्यावर विसंबू नये. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेला अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. सहभागी व्यक्तींनी खाण्यापिण्याची किंवा व्यायामाची एक कृती दिवसातल्या ठरावीक प्रसंगाशी जोडून घेतली होती. ती आपोआप होऊ लागण्यास लागलेला काळ १८ पासून २५४ दिवसांपर्यंत पसरलेला होता आणि मध्यक ६६ दिवसांचा होता. सोपी कृती लवकर रुजते, अवघड कृतीला वेळ लागतो. त्याच अभ्यासात असेही दिसले की मधला एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्याच्या प्रक्रियेला विशेष बाधा येत नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण एका सामोशानंतर ‘आजचा दिवस गेलाच’ असे म्हणून रात्री श्रीखंडही खाणारे पुष्कळ भेटतात.

मोजमाप (कोल्हापूर)

खलबत्ता यांनी डब्याचे सांगितले, मी स्वयंपाकघराचे सांगते. आमचे सहा माणसांचे कुटुंब आहे आणि त्यातल्या दोघांना मधुमेह आहे. वेगळा स्वयंपाक आम्हीही करत नाही. अन्न एकच शिजते, फरक वाढण्यात असतो. ताटात आधी कोशिंबीर आणि भाजी वाढायची, त्या निम्म्याअधिक संपल्यावर भाकरी किंवा चपाती, आणि भात सगळ्यांत शेवटी, तोही आमटी जास्त आणि भात कमी असा. भाताचे पातेले ताटाशेजारी न ठेवता ओट्यावरच ठेवले, तर दुसऱ्यांदा घ्यायला उठावे लागते, आणि निम्मे लोक उठत नाहीत. आमच्याकडे यावर कोणी भाषण दिले नाही आणि कोणाची तक्रारही आली नाही.

तेलाचा हिशेब महिन्यातून एकदा करावा, रोज चमचे मोजण्याच्या फंदात पडू नये. वर दिलेला २७ ग्रॅमचा आकडा चौघांसाठी आणि तीस दिवसांसाठी धरला, तर तेल आणि तूप मिळून सव्वातीन किलोच्या आसपास येते. किराण्याच्या यादीत तेलाचीच पाच लिटरची किटली दरमहा येत असेल, तर कोणी काय खाल्ले याची चौकशी करण्याची गरज राहत नाही. ते तेल कोणाच्या ना कोणाच्या पोटात गेलेलेच असते. आम्ही फोडणीची पळी बदलून लहान आणली आणि तळण ठरावीक वारापुरते ठेवले. एक ग्रॅम तेलात ९ उष्मांक असतात, म्हणजे पोह्यांच्या चमचाभर, पंधरा मिलिलिटर तेलात सव्वाशेच्या आसपास. ते चमचे वाचवले तर चवीत फारसा फरक पडत नाही. भाजी मात्र झाकणावर पाणी ठेवून वाफेवर शिजवण्याची जुनी रीत परत आणावी लागते.

चिवड्याच्या डब्याविषयी माझे मत थोडे कठोर आहे. डबा घरात आणि हाताशी असेपर्यंत आठ वाजता दमून आलेली व्यक्ती तो उघडणारच. दहावीतल्या मुलासाठी काही खाऊ लागतो हे मान्य, परंतु किलोभर फरसाण भरून ठेवण्याऐवजी रविवारी त्या दिवसापुरते आणावे. तुमच्या बाबतीत खरा उपाय वेगळाच आहे: जेवण साडेनऊवरून साडेआठवर आणावे. सासूबाई संध्याकाळचा स्वयंपाक करतात, म्हणजे वरण-भाजी तुमच्या येण्याआधी तयार असू शकते. काकडी, गाजर किंवा मुळा चिरून झाकून ठेवलेला असावा. हातपाय धुऊन आल्यावर पहिला घास त्याचा घ्यावा आणि तेवढ्यात पोळ्या लाटून व्हाव्यात.

दोनवेळा (छत्रपती संभाजीनगर)

वरील दोन्ही प्रतिसादांबद्दल आदर ठेवून मी वेगळे मत मांडतो. पावणेपाचला फुटाणे खा, असे सांगणे म्हणजे खाण्याची आणखी एक वेळ निर्माण करणे होय. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या मांडणीवर आधारलेली आणि डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी महाराष्ट्रभर पोहोचवलेली दोन वेळा जेवण्याची पद्धत मी पाळतो. दिवसातून दोनदाच, प्रत्येक वेळी ५५ मिनिटांच्या आत जेवायचे. एरवी पाणी, पातळ ताक किंवा बिनसाखरेचा कोरा चहा एवढेच घ्यायचे. तिच्या शास्त्रीय बाजूवरचा वाद मला येथे उकरून काढायचा नाही. सवयीच्या अंगाने तिचा मोठा फायदा असा आहे की दिवसभर निर्णय घ्यावे लागत नाहीत. ‘हे चालेल का, ते किती चालेल’ हा प्रश्नच उद्भवत नाही. समोर बशी आली की उत्तर ठरलेले असते, आणि काही आठवड्यांत कार्यालयातले सहकारीही बशी पुढे करणे सोडतात.

अडचण लग्नसराईत येते, कारण मुहूर्त आपल्या वेळा पाहून ठरत नाहीत. अशा दिवशी मी एक जेवण त्या पंगतीचे धरतो आणि दुसरे त्यानुसार पुढे-मागे सरकवतो.

खलबत्ता (नागपूर)

दोनवेळा, निर्णयांची संख्या घटते हा आपला मुद्दा मला पूर्ण मान्य आहे, आणि फुटाण्यांची वेळ ठरवून देण्यामागेही तोच विचार होता. मात्र इतर वाचकांसाठी एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक वाटते. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या, विशेषतः ग्लिमेपिराइडसारख्या, चालू असणाऱ्यांनी जेवणाच्या वेळा स्वतःहून कमी करू नयेत. रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. गर्भवती आणि स्तनदा मातांनीही हा प्रयोग करू नये. सदाफुलीताईंना औषध नाही, तेव्हा डॉक्टरांच्या कानावर घालून त्यांना ही पद्धत आजमावता येईल. पण त्यांचे दुसरे जेवण रात्री नऊला होणार आणि पहिल्यात तीन पोळ्या व बटाटा असणार असेल, तर वेळा दोन केल्या काय आणि चार केल्या काय, संध्याकाळची तगमग तशीच राहील.

रातपाळी (चाकण)

मी वाहनउद्योगाशी संबंधित एका कारखान्यात काम करतो. आमच्या पाळ्या दर आठवड्याला बदलतात, त्यामुळे ‘सकाळी आठला न्याहारी, दुपारी एकला जेवण’ अशा घड्याळाशी बांधलेल्या सवयी माझ्याकडे एक आठवडासुद्धा टिकत नसत. आता जेवण घड्याळाऐवजी पाळीशी जोडले आहे. कामावर निघण्यापूर्वी पूर्ण जेवण, पाळीच्या मधल्या सुटीत घरचा हलका डबा, आणि घरी आल्यावर फक्त एक वाटी दही किंवा दूध घेऊन झोप. पाळी कोणतीही असली तरी हा क्रम बदलत नाही. तिसऱ्या पाळीत पहाटे तीनच्या सुमारास भूक लागल्यासारखे वाटते, पण पुष्कळदा ती भूक नसून झोप असते. त्या वेळी कॅन्टीनमधला वडा खाल्ला तर घरी आल्यावर झोपही नीट लागत नाही आणि अपुऱ्या झोपेनंतर दुसऱ्या दिवशी गोड आणि तळलेले अधिकच खावेसे वाटते.

चहाविषयी येथे अजून कोणीच सविस्तर लिहिलेले नाही, म्हणून लिहितो. एका कपात दोन चमचे साखर धरली तरी ती १० ग्रॅम होते, आणि पाच कपांची ५० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या १० टक्क्यांखाली आणि शक्य झाल्यास ५ टक्क्यांखाली, म्हणजे सुमारे २५ ग्रॅमपर्यंत ठेवावी असे सांगते. आमच्याकडे चहा साखर घालूनच किटलीतून येतो, त्यामुळे चमचा कमी करण्याची सोयच नव्हती. मी कॅन्टीनच्या माणसाशी बोलून बिनसाखरेची एक वेगळी छोटी किटली सुरू करून घेतली. सुरुवातीला ती माझ्या एकट्यासाठी येत असे. आता आमच्या ओळीतले बरेच जण तीच मागतात. बिनसाखरेची चव काही आठवड्यांत अंगवळणी पडते, आणि नंतर नेहमीचा चहा बासुंदीसारखा लागतो.

सदाफुली (ठाणे)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. उसळीची एक खेप भिजत घातली आहे आणि तेलाचा हिशेबही केला. तो आकडा येथे न लिहिलेलाच बरा. जेवण साडेआठला आणण्याविषयी घरात बोलणे झाले, मुलालाही अभ्यासाच्या दृष्टीने ते सोयीचे वाटले.

आता दोन शंका उरतात. आमच्याकडे संकष्टी आणि दोन्ही एकादश्या पाळल्या जातात, आणि उपवास म्हणजे साबुदाण्याची खिचडी हे समीकरण पक्के आहे. शिवाय गणपती पाच दिवसांचे असतात. दुसरी शंका जरा नाजूक आहे. सासूबाई प्रेमाने वाढतात आणि ‘एवढ्याने काय होते’ असे म्हणतात; त्यांना दुखवून कोणतेही पथ्य मला पाळायचे नाही.

मोजमाप (कोल्हापूर)

सासूबाईंना नियम सांगू नका, त्यांच्याकडे मदत मागा. ‘मी हे खाणार नाही’ हे वाक्य स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या जिव्हारी लागते, कारण त्यात तिच्या हातच्या अन्नाला नकार असतो. त्याऐवजी त्यांच्या माहेरी काय शिजत असे, याची चौकशी करावी. कुळथाचे पिठले, अंबाडीची किंवा चाकवताची भाजी, ज्वारीच्या कण्या, मुगाचे कढण, शेंगाची आमटी यांपैकी बऱ्याच गोष्टी त्यांना उत्तम येत असतील आणि घरातील तरुण मंडळी खात नाहीत म्हणून त्यांनी त्या करणे सोडले असेल. माझ्या आत्यासासूबाईंनी याच निमित्ताने कुळथाचे पिठले पुन्हा करायला घेतले, आणि आता पिठल्याच्या दिवशी भात कमी का, असे विचारणाऱ्यांना त्याच गप्प करतात. त्यांनी वाढायचे आणि आपण थांबवायचे ही ओढाताण संपवायची असेल, तर वाटी लहान ठेवावी. लहान वाटी दोनदा भरली की वाढणारीचेही समाधान होते.

उपवासाविषयी सांगायचे, तर साबुदाणा जवळपास निव्वळ पिष्ट आहे. खिचडीत जी काही प्रथिने असतात ती दाण्याच्या कुटातली. तेव्हा त्या दिवशी वरीच्या तांदळाचा थोडा भात आणि भरपूर दाण्याची आमटी, किंवा राजगिऱ्याच्या पिठाची भाकरी, दही आणि काकडीची कोशिंबीर, असे ताट करावे. उपवासाचे सगळे नियम त्यात पाळले जातात. खिचडी हवीच असेल तर ती एका वेळेला बशीभर घ्यावी, दोन्ही वेळेला नको. संकष्टीचा चंद्रोदय अनेकदा रात्री नऊच्या सुमारास किंवा त्याहून उशिरा असतो, आणि दिवसभर पोट रिकामे ठेवून तेव्हा ताटावर बसले की हात आवरत नाही. म्हणून संध्याकाळी सहा वाजता ताक आणि एखादे फळ घ्यावे. आमच्याकडे ते चालते, तुमच्याकडे चालते का ते सासूबाईंनाच विचारावे.

गणपतीतले मोदक जेवणात धरावेत, जेवणानंतर नव्हे. उकडीचे दोन मोदक ताटात असतील तर त्या दिवशी भात घेऊ नये, कारण मोदकाची पारी तांदळाचीच असते. पाच दिवस घरात प्रसाद फिरत असतो, त्यापैकी जो मनापासून आवडतो तोच घ्यावा. आरतीला आलेल्यांच्या हातात उरलेले पेढे द्यायला संकोच करू नये.

खलबत्ता (नागपूर)

वरील ताटाला माझी पूर्ण संमती आहे. फक्त दाणे उष्मांकांनी जड असल्याने आमटीत एका माणसामागे मूठभराहून अधिक घालू नयेत.

प्रगती कशी मोजावी हे आपण विचारले नाही, पण पुढचा प्रश्न तोच येईल. वजन रोज पाहू नये. मीठ, मासिक पाळी आणि आदल्या रात्रीचे जेवण यांच्यामुळे ते एकदोन किलोने सहज वरखाली होते आणि विनाकारण निराशा येते. महिन्यातून एकदा, त्याच वेळी, उपाशी पोटी, शिंप्याच्या टेपने कंबरेचा घेर मोजावा. भारतीय स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर आणि पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर ही धोक्याची मर्यादा मानली जाते. एचबीएवनसीची तपासणी मात्र तीन महिने पूर्ण होण्याआधी पुन्हा करू नये. तांबड्या रक्तपेशींचे आयुष्य साधारण १२० दिवसांचे असते आणि हा आकडा त्या पेशींतल्या हिमोग्लोबिनला चिकटलेल्या साखरेवरून काढला जातो, त्यामुळे महिन्याभरात केलेल्या तपासणीत जुन्या खाण्याचाच बराचसा हिशेब दिसतो. रक्तक्षय असेल तर हा आकडा दिशाभूल करू शकतो, म्हणून त्याच वेळी हिमोग्लोबिनही तपासून घ्यावे आणि दोन्ही अहवाल डॉक्टरांना एकत्र दाखवावेत.